यशोगाथेने बंद पाडलेलं पाळणाघर

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल लिहा ना, काहीतरी प्रेरणादायी." मी म्हटलं, "बाई, प्रेरणादायी लिहूनच माझी ही गत झालीय. आता जे आहे ते लिहिते, चालत असेल तर छापा." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

मी म्हैसूरमधल्या एका छोट्या सामाजिक संस्थेत कम्युनिकेशन ऑफिसर आहे. हे ऐकून साताऱ्याच्या माझ्या आत्याने विचारलं होतं, "म्हणजे टेलिफोन खात्यात का गं?" शेजारणी तर अजूनही वायफाय बंद पडलं की माझ्याकडे येतात. म्हणून आधीच सांगून टाकते. संस्थेतली बाकीची माणसं काम करतात, आणि ते काम होतंय हे जगाला कळवायचं काम माझं. वार्षिक अहवाल, पत्रकं, फेसबुकवरच्या पोस्ट, देणगीदारांना जाणाऱ्या ईमेल, फोटो, व्हिडिओ, शिवाय कुणी पाहुण्याने झाड लावलं की झाडापेक्षा मोठा त्यांच्या नावाचा फलक. जगाला कळलं नाही तर देणगी येत नाही, आणि देणगी आली नाही तर काम बंद पडतं. इतका साधा हिशेब होता. निदान मी तसा समजत होते.

नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही म्हैसूरला आलो. कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. ही नोकरी मिळाली ती मराठीमुळे, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. संस्थेचे संस्थापक नागराजराव मोहिते हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. चामराजपुरममध्ये त्यांचं घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे आमचं ऑफिस. मुलाखतीला गेले तर माझे कागद बाजूला सारून म्हणाले, "या, बसा. मराठीत बोलूया, मला बी बरं वाटतं. तुमची मराठी पुस्तकातली, आमची ही म्हैसूरची. स्वल्प सांभाळून घ्या." मग अर्धा वेळ कानडीत बोलून त्यांनी मला कामावर घेतलं. आजतागायत त्यांची मराठी तशीच आहे आणि माझी कानडी बरी झाली आहे.

साधनं म्हणाल तर माझ्या धंद्यात हल्ली कमी नाहीत. संस्थांना फुकट मिळणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे. आपण फोटो टाकायचा, बाकीची फुलंपानं तेच घालतं. आपली ईमेल कुणी उघडली आणि कुणी न वाचताच फेकली, हे सांगणारी सोय आहे. तिच्यामुळे मला कळलं की आमचे काही विश्वस्तच आमचं पत्रक उघडत नाहीत. आता तर लिहून देणारी एआय आली. मी तिला आमच्या कामाची माहिती दिली आणि एक परिच्छेद मागितला. तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत 'आशेची नवी पहाट' आणि 'उज्ज्वल भविष्याकडे वाटचाल' असं लिहून दिलं. माझी जाम चिडचिड झाली. ती वाईट लिहिते म्हणून नाही, तर मीही हेच लिहीत होते आणि मला अख्खी दुपार लागायची म्हणून.

शिकण्याच्या संधींची तर नुसती रेलचेल. दर आठवड्याला कुठला ना कुठला वेबिनार असतो. तीन सेकंदांत प्रेक्षकाला कसं पकडाल, देणगीदाराचं मन कसं ओळखाल, छोट्या संस्थेने मोठी गोष्ट कशी सांगावी. शेवटी प्रमाणपत्र. नवरा म्हणतो, "ही सगळी लाव भिंतीला, रंगकाम वाचेल." पण खोटं कशाला बोलू, काही गोष्टी मी त्यात खरंच शिकले. वाक्य लहान ठेवावं. एका वेळी एकच मागणी करावी. मुलाचा फोटो घेण्याआधी त्याच्या आईला विचारावं, आणि ती नाही म्हणाली तर कॅमेरा पिशवीत टाकावा. या शेवटच्या गोष्टीत मी कधीही तडजोड केलेली नाही. याचा मला अभिमान आहे, असू दे.

देणगीदारांचे नमुने सांगायला बसले तर अंक पुरायचा नाही. एका गृहस्थांना आमच्या पाळणाघरातल्या प्रत्येक मुलाच्या हातात आपल्या कैलासवासी वडिलांच्या नावाची पाटी हवी होती. मुलं तीन-चार वर्षांची, ती पाट्या चघळायला लागली. आमच्याच मराठी मंडळातल्या एका ताईंनी लहान मुलांसाठी कपडे म्हणून गाठोडं पाठवलं, त्यात निघाला सफारी सूट. मी परत पाठवणार होते. नागराजराव म्हणाले, "अय्यो, सुम्ने, उगाच त्यांचं मन कशाला दुखवायचं?" आणि मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला तो सूट स्वतः घालून गेले. पँट पोटरीपर्यंतच येत होती.

असो. हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नाही येत.

आमच्या संस्थेची कामं दोन-चार, पण नागराजरावांचा आणि माझा जीव अडकलेला एकाच ठिकाणी. पिरियापट्टणच्या पुढे एका गावात आमचं पाळणाघर होतं. तो सगळा तंबाखूचा पट्टा. होगेसोप्पू म्हणतात तिकडे तंबाखूला. पावसाळ्यात पान तोडायला येतं. बायका छपराखाली बसून ती ओली पानं काठ्यांना बांधतात, काठ्या उंच भट्टीत टांगतात, आणि खालून लाकडांचा जाळ अखंड चालू ठेवतात. ओल्या पानाचा चीक अंगाला लागला की धडधाकट बाईला गरगरतं, उलट्या होतात. आणि त्या बायकांची मुलं कुठे असतात? आईशेजारी. पानांच्या ढिगावर, भट्टीच्या गरम भिंतीला पाठ लावून झोपलेली. अंगणवाडीची वेळ वेगळी आणि या बायकांच्या कामाची वेळ वेगळी, तेव्हा न्यायची कुठे? म्हणून देवळाजवळ एक खोली घेऊन हंगामभर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही मुलं सांभाळायचो. एवढंच काम. त्यात क्रांतिबिंती काही नव्हती.

पाळणाघर चालवायची पुट्टम्मा. त्याच गावची, आधी स्वतः पानं बांधणारी. आवाज असा खणखणीत की मुलं आधी दचकायची आणि मग तिच्याच मांडीवर जाऊन झोपायची. मलाही ती झापायची. "अक्का, फोटो नंतर, आधी हे नाक पुसा," म्हणून शेंबडं पोर माझ्या हातात द्यायची. भाग्याची आणि माझी ओळख तशीच झाली. तीन वर्षांची असेल. आईने भट्टीवरून उचलून आणली होती, तोंडाचा रंग उडालेला, डोळे अर्धवट मिटलेले. पुट्टम्माने माझ्याकडे दिली आणि ती भडाभडा माझ्या ओढणीवर ओकली. मला तेव्हा इतकं रडू आलं की पुट्टम्मा म्हणाली, "तुम्ही बाजूला बसा, आता तुम्हालाच सांभाळावं लागेल."

दोन हंगामांत भाग्या ओळखू येईना. गाल भरले. तोंडाची टकळी थांबेना. पुट्टम्माची नक्कल अशी करायची की पुट्टम्माच तोंडाला पदर लावून हसायची.

पाळणाघराचा खर्च बेंगळुरूची एक मोठी देणगीदार संस्था करायची. नाव घेत नाही. त्यांच्याकडून आमच्याशी बोलायला नेहा नावाची मुलगी होती, आपली पुण्याची. गोड बोलणारी, कामाला चोख, मला ताई म्हणणारी. तिने आम्हा सगळ्या छोट्या संस्थांच्या लिहिणाऱ्या मंडळींसाठी प्रशिक्षण ठेवलं. तिथला मंत्र असा होता की दया मागू नका, रडकं मूल दाखवू नका, समस्या नको, बदल दाखवा. मला ते मनापासून पटलं. आजही पटतं. डोळ्यांत पाणी आणि नाकावर माशी असलेल्या मुलांची कॅलेंडरं मी पाहिली आहेत, आणि ती छापणाऱ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आहे.

तेव्हा मी भाग्याचा व्हिडिओ केला. आईला विचारून, तिला आधी दाखवून. पुट्टम्मा नवी साडी नेसून, पावडर लावून आली आणि बरंच बोलली. पण प्रशिक्षणात शिकवलं होतं की एका गोष्टीत एकच चेहरा. पुट्टम्माचा भाग गेला. महिनाभर बोलली नाही माझ्याशी. व्हिडिओत भाग्या पावसाचं गाणं म्हणते, हात वर करून गिरकी घेते, पडते आणि खदखदून हसते. तिच्या हसण्यावर शेवटचं वाक्य येतं, 'आज या गावातलं एकही मूल भट्टीशेजारी झोपत नाही.'

अक्षर न् अक्षर खरं होतं ते. मी स्वतः गावभर फिरून खात्री केली होती.

संस्थांच्या व्हिडिओंची एक स्पर्धा असते, तिच्यात आमचा पहिला नंबर आला. नागराजरावांनी अख्ख्या गल्लीत म्हैसूरपाक वाटला. "वैजयंतीबाई, तुमी तर आमाला टीव्हीवर नेऊन बसवणार, हौदा, खरं ना?" त्यांच्या बायकोने माझी दृष्ट काढली. इतक्या वर्षांत आपण कधी जिंकलो असं वाटलं तर ते त्या दिवशी.

मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला नेहाचा व्हिडिओ कॉल आला. मी आणि नागराजराव शेजारी बसलो होतो.

"ताई, सर, अभिनंदन! आमच्या बोर्डाने व्हिडिओ पाहिला. सगळे इतके भारावले! आणि त्यांनी ठरवलंय की तुमचं गाव आता ग्रॅज्युएट झालं."

नागराजरावांनी हात जोडले. त्यांना वाटलं अजून एक बक्षीस आलं. मी विचारलं, "म्हणजे काय नेहा?"

"म्हणजे तिथला प्रश्न सुटला ना. आता हाच निधी जास्त गरज असलेल्या जिल्ह्यात वळवायचा. आमच्यासाठीसुद्धा ही यशोगाथा आहे, ताई."

"अगं, प्रश्न कुठे सुटलाय? पाळणाघर चालू आहे म्हणून मुलं भट्टीवर नाहीत. ते बंद केलंत तर येत्या हंगामात तिथेच जाऊन पडतील. तंबाखू दरवर्षी येतो, मुलं दरवर्षी जन्मतात."

"पण व्हिडिओत तुम्हीच म्हटलंय, एकही मूल..."

"खरंच आहे ते!"

"मग?" नेहा म्हणाली. आणि तिला खरोखरच कळत नव्हतं.

मी म्हटलं, "छत्रीखालचा माणूस कोरडा आहे म्हणून तुम्ही त्याची छत्री काढून घेताय."

"किती छान सांगितलंत, ताई! मी हे वर कळवते." तिने ते लिहूनसुद्धा घेतलं. वर काय कळवलं कोण जाणे. निर्णय बदलला नाही.

फोन बंद झाल्यावर नागराजरावांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "तुमी चांगलं लिहिलं. आमी चांगलं काम केलं. मग आमचं चुकलं कुठे, ते तरी सांगा." माझ्या कुठल्याच प्रशिक्षणात यावर काही नव्हतं. एका वेबिनारमध्ये मी हा प्रश्न लिहून विचारलाही, की यशोगाथेमुळेच काम बंद पडत असेल तर काय करावं? तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "फारच महत्त्वाचा प्रश्न आहे." मग वेळ संपली. प्रमाणपत्र मात्र आलं.

हंगामाला अजून काही महिने होते. आम्ही जंग जंग पछाडलं. मी ऑनलाइन आवाहन टाकलं. लोकांनी भाग्याच्या हसण्यावर बदाम टाकले, 'किती गोऽड' लिहिलं, आणि पुढे गेले. मराठी मंडळात पाडव्याच्या कार्यक्रमात गाण्यांच्या मध्ये मला बोलायला दिलं. टाळ्या पडल्या. बन्नूरला नागराजरावांच्या ओळखीचे एक बडे ऊसवाले आहेत, मोठ्या मनाचे, नातवासाठी देवळात अन्नदान करणारे. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला, डोळे पुसले, आम्हाला आग्रहाने जेवू घातलं आणि म्हणाले, "सगळं उत्तम चाललंय की तुमचं! जिथं काहीच नाही अशा कुणाला तरी मी देतो."

माझं डोकं भणाणून गेलं होतं. मी नागराजरावांना म्हटलं, "व्हिडिओ काढून टाकू. भाग्या पहिल्यांदा आली तेव्हा कशी होती ते लिहू. ओकणारी, डोळे फिरवणारी. तसं आवाहन करू."

"बेडा, बेडा, नको," ते म्हणाले. "आत्ता ती पोरगी बरी हाय. बऱ्या पोरीला आजारी कसं सांगायचं? खोटं व्हतं ते."

"मग कधी सांगायचं? पुन्हा आजारी पडल्यावर?"

त्यांनी चष्मा काढला. "हौदु, व्हय," म्हणाले. "तवाच ते खरं व्हईल."

मी उठून मागच्या अंगणात गेले आणि नळ सोडून रडले. त्यांचा राग आला होता, आणि त्यांचं बरोबर होतं. चांगलं सांगितलं तर गरज नाही म्हणतात. वाईट सांगायचं तर वाईट होईपर्यंत थांबा. या दोन्हींच्या मध्ये, जिथे एक बाई रोज सकाळी खोली उघडते, मुलांना रागीची आंबील पाजते आणि त्यामुळे काहीच वाईट घडत नाही, ते कसं सांगायचं? न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. माझा सगळा जन्म या धंद्यात गेला आणि मला हे येत नाही. कुणालाच येत नसावं असं आता वाटतं.

पाऊस पडून पानं वाढली, पण खोलीचं कुलूप निघालं नाही. पुट्टम्माने किल्ली आमच्याकडे दिली नाही. म्हणाली, "राहू दे माझ्याकडे, पुन्हा उघडायला मलाच लागणार."

तोडणी सुरू झाल्यावर मी गावात गेले. नागराजराव येतो म्हणाले होते, पण सकाळी त्यांचा पाय निघाला नाही. पुट्टम्मा छपराखाली बायकांत बसून पानं बांधत होती. हात चिकाने काळे झालेले. मला बघून ती उठली नाही. तिच्यामागे, भट्टीच्या भिंतीला लागून, गोणपाटावर मुलं निजली होती. काही माझ्या ओळखीची, काही नवी, पार तान्ही. कडेला भाग्या होती. झोपलेली नव्हती. तिच्या गालाला वाळलेली उलटी होती आणि ती माझ्याकडे बघत होती, पण ओळख दाखवत नव्हती.

मी तिच्याजवळ बसले. हाक मारली. तिने डोळे मिटून घेतले.

"आलात?" पुट्टम्मा म्हणाली. "काढा फोटो."

"पुट्टम्मा, मी फोटोला नाही आले."

"का? मागच्या वेळी तोंडं धुवून, वेण्या घालून बसवलीत. तशी पोरं त्यांना नको होती ना? आता बघा कशी आहेत. आता काढा. आता देतील." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती मला मदत करत होती. माझं अडलेलं काम तिला आता सोपं झालेलं दिसत होतं.

मी भाग्याच्या आईकडे पाहिलं. तिने बांधायची काठी खाली ठेवली, मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले, म्हणजे चेहरा नीट दिसावा. "काढा अक्का," म्हणाली.

मी काढला. आणि तिथूनच, चिखलात उभी राहून, नेहाला पाठवला. खाली लिहिलं, 'पाळणाघर बंद झाल्यावर.' इतकं छोटं वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी बस म्हैसूरला लागता लागता उत्तर आलं. 'ताई, काळीज हललं. बोर्डाच्या ग्रुपवर टाकला, सगळे सुन्न झाले. या वर्षाचा निधी दुसरीकडे देऊन झालाय, त्यामुळे सध्या काही करता येणार नाही. पण फोटो इतका प्रभावी आहे की पुढच्या प्रशिक्षणात उदाहरण म्हणून वापरू का? आईची परवानगी घेतलीच असेल तुम्ही.'

मी याचं उत्तर अजून दिलेलं नाही. लिहिते आणि पुसते.

पुट्टम्मा मात्र दर दोन-चार दिवसांनी फोन करते.

"अक्का, पोचला का फोटो त्यांना?"

"पोचला."

"बघितला?"

"सगळ्यांनी बघितला."

"आवडला का?"

"फार आवडला गं," मी म्हणते.

"मग खोली कधी उघडू?"